प्रकाशाच्या घाटावरचे बूट

१

तापीकाठच्या प्रकाशा या तीर्थगावी घाटाच्या शेवटच्या पायरीवर काळे बूट शेजारी शेजारी ठेवलेले होते. टाचा जुळलेल्या, टोकं नदीकडे. वर रस्त्याच्या कडेला राखाडी ॲक्टिव्हा उभी होती आणि तिच्या डिकीत बंद करून ठेवलेला मोबाईल सापडला होता. बॅरेजमुळे तापी तुडुंब भरलेली. भोयांच्या दोन होड्या गळ टाकत फिरत होत्या आणि घाटावर जमलेली माणसं दर वेळी गळ वर आला की मान उंचावत होती.

"डिकीत तुमचं कार्ड मिळालं, म्हणून फोन केला," फौजदार म्हणाले. "कोरीटचा हेमकांत पाटील. रिटायर फौजी. तुमचा पक्षकार?"

"हो," ॲडव्होकेट चारुलता देसले म्हणाल्या.

"कसली केस?"

चारुलताताईंनी नदीकडे पाहिलं. "शेतीची."

वीस वर्षांच्या वकिलीत पोलिसांशी त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या.

"काही टेन्शन असेल," फौजदारांनी स्वतःच उत्तर देऊन टाकलं. "गुरुवारी संध्याकाळी घरून निघाला, परत आला नाही. आज शनिवारी सकाळी पुजाऱ्याला हे बूट दिसले. बॉडी वर यायला वेळ लागतो."

काहीतरी करायचं म्हणून ताई ॲक्टिव्हावर टेकल्या आणि सहज आरशात पाहिलं. मागचा रस्ता दिसेना. दिसली ती फक्त चाकामागची माती. दुसऱ्या आरशातही तेच. हेमकांत सहा फुटी गडी; या आरशांत त्याला काय दिसलं असतं? ताई बेताच्या उंचीच्या. आरसे त्यांच्याहूनही ठेंगण्या माणसासाठी वळवलेले होते.

त्या पायऱ्या उतरून बुटांपाशी वाकल्या. तळव्याच्या खाचांत लाल काहीतरी रुतलं होतं. मिरचीच्या बिया, सालीचे ओले तुकडे.

"नंदुरबारात कोणाच्या बुटाला मिरची लागलेली नसते, मॅडम?" फौजदार हसले.

ताई हसल्या नाहीत. गाडी दुसऱ्याच कोणीतरी चालवत आणली होती; हेमकांत आपल्या पायांनी या घाटावर आलाच नाही, हे त्यांना तिथंच कळलं. मग त्याला कोणी, कुठं नेलं होतं?

२

हेमकांत रिटायर झाला नव्हता. त्याला काढलं होतं.

पंधरा वर्षं फौजेत, नाईकपदापर्यंत चढलेला, बर्फात पाय सुजेपर्यंत पहारा केलेला माणूस. त्याचं एका पुरुषावर प्रेम होतं. तो पुरुष फौजेतला नव्हता, दूरच्या शहरात राहायचा. कोणीतरी हेमकांतच्या फोनवरचे फोटो पाहिले, वर कळवलं. बंद खोलीत बसवून त्याच्याकडून जबाब लिहून घेतला आणि 'लाजिरवाणं वर्तन' म्हणून घरी पाठवलं. असं प्रेम हा गुन्हा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ सालीच सांगितलं होतं. पण फौजेचा कायदा वेगळा, त्यातली कलमं होती तशीच राहिली. त्या कलमांनाच हेमकांतनं मुंबईच्या लष्करी न्यायाधिकरणात आव्हान दिलं होतं. नाव गुप्त ठेवायची परवानगी ताईंनी मिळवली होती. तरी 'खानदेशातला एक जवान' एवढं वर्तमानपत्रात आलंच. मग माजी सैनिकांची निवेदनं निघाली, पुढाऱ्यांची भाषणं झाली.

गेले काही दिवस ताईंना एका अनोळखी नंबरवरून फोन येत होते. दबका पुरुषी आवाज एकच वाक्य बोलायचा. "केस मागं घ्या, नाहीतर तुमचा माणूस उरणार नाही." ऑफिसचं कुलूप त्या दोन-दोनदा ओढून बघायच्या.

आता फौजदारांना खरं सांगावं, तर संध्याकाळपर्यंत तालुकाभर नाव पसरणार. हेमकांत जिवंत असला, तर ते नावच त्याला जगू देणार नाही. न सांगावं, तर पोलीस नदीच ढवळत बसणार.

हेमकांतनं स्वतःच्या तोंडानं आपलं गुपित फक्त तिघांना सांगितलं होतं. थोरला भाऊ नवनीत, थोरली बहीण रंजिता आणि एकेकाळचे त्याचे सुभेदार फत्तेसिंग गिरासे. ताईंनी फत्तेसिंगांच्या गावी, रनाळ्याला जाणारी रिक्षा पकडली.

फत्तेसिंग ओसरीवर बसले होते. उंच, ताठ, मिशा पांढऱ्या. बातमी ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो हातातच धरून ठेवला.

"तुमच्या माजी सैनिक संघटनेच्या निवेदनावर पहिली सही तुमची आहे," ताई म्हणाल्या.

"आहे. लपवत नाही. फौजेत जवान एकमेकांच्या अंगाला अंग लावून झोपतात, वकीलबाई. तिथं असली भानगड नको, हे माझं मत आहे. उद्याही तेच राहील."

"आणि तरी हेमकांत तुमच्याकडे आला?"

"आला. म्हणाला, साहेब, माझ्या बाजूनं बोलू नका. फक्त मी नोकरी कशी केली, तेवढं खरं सांगायला या. मी म्हटलं, विचार करतो. पुढच्या महिन्याअखेर तारीख आहे म्हणाला. घाई काय होती?" त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "त्याच्या नोकरीत खोट नव्हती. तेही माझं मतच आहे."

ताई निघाल्या तेव्हा ते फाटकापर्यंत आले. "बाई, एकट्या फिरू नका. माझ्या संघटनेतली पोरं तापलेली आहेत. मी सांगितलं तरी ऐकतील असं नाही."

तो सल्ला होता की धमकी? रिक्षा हलली तरी ताईंना मागं वळून पाहायचं धाडस झालं नाही.

३

कोरीटला पाटलांच्या अंगणात माणसं बसली होती. बायका हेमकांतच्या आईला, पार्वतीबाईंना, धरून होत्या. ताईंना पाहताच म्हातारी उठली.

"बाई, मन्हा हेमूले पोहता येस. न्हानपनपासून तापीमा पोहस तो. तो कसा बुडी?"

"गुरुवारी निघताना काही बोलला का, आई?"

"सांजले त्याले फोन ऊना. फोन ऊना अन् तो हासना. किती दिनमा मी त्याले हासतांना देखं नव्हतं. म्हने, माय, नंदुरबारले जाईसन येस."

तो फोन ताईंनीच केला होता. मुंबईच्या ज्येष्ठ वकिलांनी लवकर सुनावणी मागितली होती, ती मिळाली होती. न्यायाधिकरणाला हेमकांतच्या तोंडून ऐकायचं होतं, की तो जबाब त्यानं मनानं लिहिला का. पुढच्या महिन्याची तारीख एकदम येत्या सोमवारवर आली होती. हे ताईंनी फक्त हेमकांतला कळवलं होतं, दुसऱ्या कोणाला नाही.

नवनीत त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेला. भावासारखाच उंच, खादीचा कडक शर्ट. जिल्हा परिषदेला उभं राहायची त्याची तयारी चालली होती.

"वकीलताई, आते तरी ती केस बंद करा," तो खाली बघत म्हणाला. "पुढला महिनानी तारीख शे ना? त्यानापहिले कागद मागं ल्या. त्यानं नाव तरी झाकेल ऱ्हाई."

आवाज दबका होता. रडून रडून बसला असेल. पण असाच दबका आवाज ताईंनी फोनवर ऐकला होता. त्यांनी पदराआड मोबाईल धरला आणि तो अनोळखी नंबर लावला.

नवनीतच्या शर्टाच्या खिशात रिंग वाजली.

४

दार नवनीतच्या पाठीमागं होतं, खिडकीला गज. बाहेर बायकांचं रडणं इतकं वाढलं होतं, की आत कोणी ओरडलं तरी ऐकू गेलं नसतं.

मग तो उंच माणूस भिंतीला पाठ घासत खाली बसला.

"मीच फोन कयात," तो म्हणाला. "भेव दाखाडाले. तुम्ही भ्याल्यात, की केस मागं लेशात, असं वाटनं. माले निवडणूक दिसनी, भाऊ दिसना नही. पन मी त्याले हात लाया नही, ताई. मायनी आन." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "'उरणार नाही' असं मीच म्हनेल व्हतं. अन् तो खरंच उरना नही."

ताईंच्या डोळ्यांसमोर ते आरसे आले. नवनीत उंच. फत्तेसिंग उंच. त्या आरशांत बघणारा माणूस या दोघांपैकी नव्हता.

रंजिताचं घर नंदुरबारच्या कडेला, मिरचीच्या पथारीला लागून होतं. पथारी म्हणजे मिरच्या वाळवायचं उघडं रान. नजर जाईल तिथवर लाल अंथरूण आणि हवेत असा ठसका, की रिक्षावाल्यानं लांबूनच ताईंना उतरवलं. घरामागं पत्र्याचं गोदाम आणि त्याला लागून दळायच्या यंत्राची खोली. यंत्र धडधडत होतं.

रंजिता ठेंगणी, भरल्या अंगाची बाई. डोळे सुजून लाल झालेले. ताईंचा हात धरून ती ओक्साबोक्शी रडली.

"आमनं घर कालपासून जेयेल नही. हाई सूरतले गयेल शेतस, मालनं काम व्हतं. त्यास्ले कसं सांगू?" 'हाई' म्हणजे तिचा नवरा पितांबर.

"हेमकांत गुरुवारी संध्याकाळी नंदुरबारला आला होता. तुमच्याकडे?"

"नही वं बाई. बराच दिनपासून ऊना नही." तिनं डोळ्यांना पदर लावला. ओट्याखाली तिची स्कूटी उभी होती. आत भिंतीवर गळ्यात सत्काराचा हार घालून हसणाऱ्या तिच्या मुलाचा फोटो, त्यावर 'सैन्यात निवड' असं लिहिलेलं, खाली पेढ्यांचा रिकामा डबा.

"कधी झाली निवड?"

"मागला हप्ताले. फौजमा. आते पोलीस चौकशी ऱ्हास ना, घरनास्नी, नातेवाईकस्नी." तिनं फोटोवरची धूळ पदरानं पुसली. "आम्ही आईबापनी किती कष्ट कयात त्यानासाठे. रोज पहाटले पळे तो. माले भेव वाटस, ताई. मामानं नाव निंघनं, की याले कोन ली फौजमा?"

"मामा आता राहिला नाही, असं सगळे म्हणतात."

रंजितानं एकदा गोदामाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"तुम्ही तिकडे मुंबईले सांगी द्या," ती म्हणाली. "तो नही म्हणून सांगा. सोमवार तेवढा निंघी जाऊ द्या. मंग समदं शांत व्हई जाई."

चहा न घेताच ताई उठल्या. पथारीच्या वाटेवर त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. तसंच डोळे पुसत त्या मुख्य रस्त्यापर्यंत आल्या आणि जागच्या जागी थिजल्या.

सोमवार.

५

ताईंनी फौजदारांना फोन लावला. ते नदीवर होते. म्हणाले, बॉडी मिळाल्यावर बोलू. मग ताईंनी जरा विचार करून दुसरा नंबर लावला.

"फत्तेसिंगजी, तुमच्या मतांशी माझं भांडण आहे आणि ते राहील. पण तुमच्या जवानाचा जीव अडकलाय. याल का?"

जीप घेऊन ते आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. रंजितानं दार उघडलं, ताईंच्या मागं सुभेदारांना पाहिलं आणि ती चौकटीला धरून उभी राहिली.

"रंजिताबाई, गोदामाची किल्ली द्या," ताई म्हणाल्या. त्यांचा अंदाज चुकला असेल, तर त्या एका शोकात बुडालेल्या बहिणीवर खुनासारखा आळ घेत होत्या.

"कसाले?"

"सोमवारची तारीख गुरुवारी संध्याकाळी ठरली. मी ती फक्त हेमकांतला सांगितली. सुभेदारसाहेब अजून पुढच्या महिन्याची तारीख धरून बसलेत. तुमचा भाऊ नवनीतही तेच म्हणतो. सोमवार फक्त तुम्हाला माहीत आहे. म्हणजे माझ्या फोननंतर हेमकांत तुम्हाला भेटला. आनंदाची बातमी सांगायला तो आधी तुमच्याकडेच आला. बरोबर ना?"

रंजितानं कमरेची किल्ली मुठीत घट्ट धरली.

"त्याच्या बुटांच्या तळव्याला ओली मिरची आहे. तुमच्या पथारीवरून चालत येऊन त्यानं ते तुमच्या ओट्यावर काढले; मोबाईल आणि गाडीची किल्लीही तिथंच राहिली. तिथून ते घाटावर गेले, त्याच्या पायांशिवाय. ॲक्टिव्हा चालवणारानं आरसे आपल्या उंचीला वळवून घेतले, आणि तो माणूस माझ्याहून ठेंगणा आहे. तुमचे भाऊ नाहीत, सुभेदारसाहेब नाहीत, आणि तुमचे यजमान सुरतेला आहेत. प्रकाशाहून सकाळी एसटीनं परत येणाऱ्या बाईकडे कोण बघतं? सगळ्यांना वाटतं, देवदर्शनाला गेली असेल. नदीवर शोध चालू राहिला, की गोदामात कोणी डोकावणार नाही. तो कुठं आहे, रंजिताबाई?"

"मी मारं नही त्याले!" ती किंचाळली. "मायले मिरचीनं पोतं धाडानं शे, आतमातून काढी आन, असं सांगं अन् बाहेरतून कडी लाई दिन्ही. फक्त सोमवारलगून. मंगळवारले सोडनार व्हती. खिडकीमातून पानी दिन्हं, भाकर दिन्ही. तो माले शिव्या दे नही, नुसता म्हने, आक्का, दार उघड." ती एकदम खाली बसली. "आज दुपारपासून तो बोलत नही."

"दुपारपासून?" फत्तेसिंग पुढं झाले.

"यंत्र चालू करनं पडनं. मजूर इचारी ऱ्हायंतात, यंत्र बंद कसं म्हनीसन. भुकटी आत जास. मी हाका मारात. दोनदा मारात. मंग माले दार उघडानं भेव वाटनं."

किल्ली घ्यायला सुभेदार थांबले नाहीत. यंत्राच्या खोलीतून त्यांनी लोखंडी पहार उचलली. कडीवर घाव बसले, पत्रा थरारला, कुलूप उडालं. दार उघडताच लाल भुकटीचा लोट बाहेर आला. ताईंचे डोळे मिटले, छाती आवळली गेली. समोरचं काहीच दिसत नव्हतं. फक्त सुभेदारांचा खोकला आत आत जात होता आणि मग तोही थांबला.

ताईंना वाटलं, आता दोघंही गेले.

लाल धुळीतून आधी सुभेदारांची पाठ दिसली. काखेत हात घालून ते हेमकांतला ओढत आणत होते. अनवाणी पाय जमिनीवर घासत होते, चेहरा सुजून ओळखू येईनासा झालेला. उघड्यावर आणून त्याला आडवं केलं. ताईंनी त्याच्या नाकाशी हात धरला. काही लागेना. त्यांनी हात तसाच धरून ठेवला.

मग बोटांना अगदी पुसटशी ऊब लागली.

६

रविवारी दुपारी हेमकांतनं डोळे उघडले. नाकाला ऑक्सिजनची नळी, आवाज जवळजवळ गेलेला. खाटेच्या एका बाजूला फौजदार बसले होते, दुसऱ्या बाजूला ताई. दाराशी नवनीत उभा होता.

फौजदार आत येण्याआधी नवनीतनं ताईंना बाजूला घेतलं होतं. "हेमू म्हनी दी, की दार चुकीसन लागनं. आक्का सुटी जाई. पोऱ्यानी नोकरी वाची. अन् केसनं बी कोनाले समजाव नही. समदास्नं भलं."

ताईंनी वाकून हे हेमकांतच्या कानात सांगितलं. वकील म्हणून ते त्यांना सांगावंच लागलं. मनातून त्यांना त्याच्या उत्तराची भीती वाटत होती, ते काहीही असलं तरी.



"एकदा खोलीत बसवून माझ्याकडून दुसऱ्यांच्या सोयीचं लिहून घेतलं," तो कुजबुजला. प्रत्येक शब्दाला त्याचा घसा सोलवटत होता. "उद्या त्याच्याविरुद्ध बोलायचंय. आणि आज पुन्हा सोयीचंच लिहून देऊ?"

त्यानं फौजदारांना सगळं सांगितलं. आक्का, पोतं, कडी. आणि का, तेही. आपण कोण आहोत, कोणावर प्रेम केलं, फौजेनं का काढलं, मुंबईत काय मागतो आहोत. लिहिता लिहिता फौजदारांचं पेन एकदा थांबलं. मग ते पुढं लिहू लागले.

संध्याकाळच्या गाडीनं ताई हेमकांतला घेऊन मुंबईला निघाल्या. डॉक्टर नको म्हणत होते. ताई रात्रभर डब्याच्या दाराकडे बघत जाग्या राहिल्या. कोणी उतारू आत शिरला की त्यांची मूठ वळायची. समोरच्या बाकावर फत्तेसिंग ताठ बसून होते. ते साक्षीला चालले होते. निवेदनावरची सही त्यांनी मागं घेतली नव्हती.

सोमवारी न्यायाधिकरणात हेमकांत उभा राहिला. दालनात इतकी शांतता होती, की त्याचा फाटका आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. त्यानंतर सुभेदारांनी त्याच्या नोकरीबद्दल जे खरं ते सांगितलं आणि विचारलेलं नव्हतं, ते काहीच सांगितलं नाही. दुपारी आदेश झाला. बंद खोलीतला तो जबाब पुरावा धरला जाणार नाही. कलमांवरचा मोठा वाद सविस्तर ऐकला जाईल. नोकरी लगेच परत मिळाली नाही, पण दार लावून घेतलेलंही नव्हतं.

मंगळवारी सकाळी गाडी नंदुरबारला लागली तेव्हा फलाटावर घोळके दिसले. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. हेमकांत पायरीवरच थबकला. कोणी पुढं आलं नाही, कोणी ओरडलंही नाही. माणसं नुसती पाहत होती आणि ते पाहणंच अंगावर येत होतं.

त्या माणसांतून वाट काढत पार्वतीबाई एकट्या पुढं आल्या. मुलासमोर उभ्या राहिल्या. त्यांना आता सगळं माहीत होतं.

"मन्ही आंडेर रंजिता पोलीस ठाण्यामा बठेल शे," म्हातारी म्हणाली. "तिनी तुले कोंडं. तू तिले धाडं. मी कोना दारशी जाऊ, सांग."

हेमकांतनं तिचा हात धरला. "पहिले तिनाकडेच जाऊत, माय. तिनी काय कयं ते मी कोर्टमा बी सांगसू. पन ती एकटी बठेल ऱ्हावाले नको."

मग तो ताईंकडे वळला. घशातून आवाज फुटत नव्हता, म्हणून ताईंना कान त्याच्या तोंडापाशी न्यावा लागला.

"मॅडम, तुम्ही माझ्या वकील. तुम्हाला जमणार नाही. पण आक्कासाठी एक चांगला वकील बघा."